सांध्याचे वय

गॅसच्या पिवळ्या किंवा नारिंगी पाइपवर ठरावीक अंतराने एक ओळ छापलेली असते. उत्पादकाचे नाव, व्यास, पीई ८० की पीई १००, एसडीआर ११, आयएस १४८८५, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक. जाणकाराला एवढ्यावरून पाइपची सगळी कुंडली मांडता येते. तोच पाइप जिथे दुसऱ्या पाइपला वितळवून जोडला जातो, तिथे मार्करने लिहिलेला एक सांधा क्रमांक आणि कुणाची तरी आद्याक्षरे असतात. चर बुजवला की तेही मातीआड होते. हे पुस्तक त्या दुसऱ्या जागेविषयी आहे, म्हणून मला त्याचे महत्त्व वाटते. प्लास्टिक पाइप किती वर्षे टिकतो यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. सांधा किती टिकतो हे विचारले की मात्र बहुतेक जण पाइपचाच आकडा पुढे करतात.

तो आकडा म्हणजे पन्नास वर्षे. कंत्राटाच्या कागदात, माहितीपत्रकात, सोसायटीच्या सभेत हा आकडा इतक्या सहजपणे फेकला जातो की तो औषधाच्या बाटलीवरच्या मुदतीसारखा वाटू लागतो. तसा तो नाही. पीई म्हणजे पॉलिएथिलीन, आणि पीई १०० याचा अर्थ एवढाच की, २० अंश सेल्सिअस तापमानाला, आत पाणी भरून सतत दाबाखाली ठेवलेल्या या मालाच्या पाइपची भिंत ५० वर्षांच्या शेवटीही निदान १० मेगापास्कल ताण सोसेल, असे आकडेशास्त्राने काढलेले अनुमान आहे. पीई ८० साठी हा ताण ८ मेगापास्कल. पन्नास वर्षे हा मोजमापाचा एक ठरवून घेतलेला मुक्काम आहे. त्या दिवशी पाइप फुटतो असे नाही आणि त्या दिवसापर्यंत फुटणारच नाही अशी हमीही नाही.

आपल्या गावातल्या गॅसजाळ्यात प्रत्यक्ष ताण किती असतो? रस्त्याखालच्या मध्यम दाबाच्या जाळ्यात दाब साधारण ४ बार असतो आणि स्वयंपाकघरात पोहोचेपर्यंत तो २१ मिलिबारपर्यंत उतरवलेला असतो. एसडीआर ११ म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरापट. अशा पाइपमध्ये ४ बार दाबाने भिंतीवर येणारा ताण फक्त २ मेगापास्कल. जो माल १० सोसतो त्याच्याकडून आपण २ चे काम करून घेतो. तेव्हा गॅसच्या दाबाने हा पाइप दगावत नाही. तो दगावतो वाकवल्यामुळे, बुडाला टोचणाऱ्या दगडामुळे, जेसीबीच्या दातामुळे आणि नीट न जुळलेल्या सांध्यामुळे. यातला जेसीबी सगळ्यांना दिसतो, त्याची बातमी होते. सांध्याचे दुखणे दबून राहते.

गॅसच्या इतिहासात हे नवीन नाही. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले ते कोळशापासून काढलेल्या गॅसवर, आणि तो वाहून आणला ओतीव लोखंडाच्या नळांनी. अशा नळांचे सांधे म्हणजे एकाच्या रुंद तोंडात दुसऱ्याचे टोक, मध्ये तागाचा पीळ आणि वरून ओतलेले शिसे. ब्रिटनमध्ये हीच पद्धत होती. तिथे १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सारा देश कोळशाच्या ओल्या गॅसवरून समुद्रातल्या कोरड्या नैसर्गिक गॅसवर आणला गेला, तेव्हा आतापर्यंत ओलाव्याने फुगून राहिलेले तागाचे पीळ वाळले आणि सांध्यासांध्यातून गॅस झिरपू लागला. लोखंड होते तसेच होते. गळत होते ते सांधे. पुढे लोखंडही पिचू लागले ही वेगळी गोष्ट. २००२ पासून त्या देशाने घरांपासून ३० मीटरच्या आतले लोखंडी नळ तीस वर्षांत बदलण्याचा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यांच्या जागी प्रामुख्याने पॉलिएथिलीन आले.

या नव्या मालाची ओढ कशामुळे, ते यावरून कळते. तो गंजत नाही, वेटोळे करून ट्रकवर येतो आणि मुख्य म्हणजे त्याचा सांधा त्याच मालाचा असतो. ना शिसे, ना ताग, ना रबर. पॉलिएथिलीन सापडले ते अपघाताने, २७ मार्च १९३३ रोजी, इंग्लंडमधल्या नॉर्थविचजवळच्या विनिंग्टन येथे, आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांच्या हातून. पाइपसाठी लागणारी घट्ट जात मात्र १९५० च्या दशकातली: अमेरिकेत फिलिप्स कंपनीचे होगन आणि बँक्स, जर्मनीत कार्ल झीग्लर. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हा पाइप गॅससाठी जमिनीखाली जाऊ लागला, म्हणजे स्वतःच्या आयुर्मानाचा कोणताही पुरावा जमा होण्याआधीच. पुरावा मिळेपर्यंत थांबायचे तर पन्नास वर्षे थांबावे लागले असते, हेही खरेच.

मग उपाय एकच, घाई करवून घेण्याचा. पाइपचे तुकडे ८० अंश तापमानाच्या पाण्यात दाब देऊन ठेवायचे आणि कधी फुटतात ते बघायचे. उष्णतेने रेणूंची हालचाल वाढते, म्हणून थंड जमिनीत जे व्हायला दशके लागतील ते गरम टाकीत महिन्यांत होते. पीई १०० च्या पाइपला आज ८० अंशांवर ५ मेगापास्कलच्या ताणाखाली १००० तास काढून दाखवावे लागतात, म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस.

या चाचण्यांत पाइप दोन तऱ्हांनी मरतो, आणि हा भेद पुस्तकात सगळीकडे भेटणार आहे, म्हणून इथेच सांगतो. ताण मोठा असेल तर पाइप एका जागी फुगतो, ताणला जातो आणि फाटतो. हे मरण दिसते, कळते. ताण लहान पण दीर्घकाळ असेल तर फुगवटा येत नाही. एखाद्या बारीक खाचेपाशी, मालातल्या कणापाशी केसासारखी फट सुरू होते आणि सावकाश भिंत पार करते. बाहेरून पाहिले तर नख लावून शोधावी लागेल अशी चीर. ताण आणि काळ यांचा आलेख काढला तर पहिल्या प्रकारची रेषा जवळजवळ आडवी जाते, दुसऱ्या प्रकारची तीव्र उताराने खाली येते. दोन्ही जिथे मिळतात तिथे आलेखाला गुडघा असतो. सगळा प्रश्न असा की हा गुडघा पन्नास वर्षांच्या अलीकडे आहे की पलीकडे.

अमेरिकेत त्या गुडघ्याकडे दुर्लक्ष झाले. तिथल्या पद्धतीत १०,००० तासांच्या चाचणीचे आकडे घेऊन रेषा सरळ पुढे वाढवत १ लाख तासांपर्यंत नेत. लाख तास म्हणजे अकरा वर्षांहून थोडे जास्त. रेषा पुढे वाकणार नाही हे गृहीतच होते. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी आयोवा राज्यातल्या वॉटर्लू गावात एका इमारतीत स्फोट झाला. ६ माणसे मेली, ७ जखमी झाली. गॅस आला होता १९७१ साली टाकलेल्या अर्ध्या इंचाच्या प्लास्टिक पाइपमधून. रस्त्याखालच्या पोलादी नळाला तो जिथे जोडला होता त्या तोंडापाशी, खालची माती बसल्यामुळे तो वाकलेला राहिला होता आणि तेवीस वर्षांत तिथे ठिसूळ चीर पूर्ण झाली होती. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी पोर्तो रिकोतल्या सॅन हुआन शहरात प्रोपेनच्या गळतीने ३३ जण दगावले. तिथेही माती खचल्याने प्लास्टिकच्या पाइपवर आलेला वाकाचा ताणच कारणीभूत ठरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ साली या प्रकारावर स्वतंत्र अहवाल काढला. १९६० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टाकलेल्या पुष्कळशा पाइपची दीर्घकालीन ताकद त्या पद्धतीने वाजवीपेक्षा जास्त मोजली गेली असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. एका नामांकित पाइपच्या १९७० ते १९७२ मधल्या काही मालात तर कारखान्यातच जास्त तापवल्याने आतला पृष्ठभाग ठिसूळ झालेला होता.

त्यानंतरचा माल वेगळा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पीई १०० मध्ये लहान साखळ्या आणि खूप लांब साखळ्या मुद्दाम एकत्र आणलेल्या असतात. लहान साखळ्या घट्ट स्फटिक बनवतात, लांब साखळ्या एका स्फटिकातून दुसऱ्यात जाऊन त्यांना बांधून ठेवतात. चीर पुढे सरकायची तर या बांधणाऱ्या साखळ्या एकेक करून ओढून काढाव्या लागतात. जर्मनीतल्या २००९ च्या एका निकषात, ८० अंशांवर, खाच पाडलेल्या तुकड्याने ८७६० तास, म्हणजे पुरते वर्षभर, तग धरला तर त्या मालाला वरची श्रेणी मिळते. पाइपच्या बाबतीत धंद्याने जुन्या चुकांतून शिकून घेतले, असे म्हणायला हरकत नाही.

सांध्याला हा सगळा हिशेब लागू होतो का? इथेच पुस्तकाचा खरा विषय सुरू होतो.

दोन टोके वितळवून दाबली की साखळ्या सीमारेषा ओलांडून एकमेकींत शिरतात. दोन ढिगांतल्या शिजलेल्या शेवया एकत्र दाबल्या तर नुसत्या चिकटतात. त्या एकमेकींत सरपटत गुंतल्या पाहिजेत, आणि गुंतायला वेळ हवा, ऊब हवी. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ साली साखळ्यांच्या या सरपटण्याचे गणित मांडले. ही गुंतागुंत पुरी झाली तर सांधा पाइपच्या जवळपास पोहोचतो, अर्धवट राहिली तर सीमारेषा बाहेरून मिटलेली, आतून कच्ची राहते. आमच्याकडे याला ‘कोल्ड जॉइंट’ म्हणतात. जर्मन वेल्डिंग संघटनेच्या नियमांत बट वेल्डिंगच्या चांगल्या सांध्यालाही अल्पकाळासाठी ०.९ आणि दीर्घकाळासाठी ०.८ असा गुणक धरला आहे. हे नीट केलेल्या सांध्याचे आकडे आहेत. वाईट सांध्याला गुणक नसतो.

कामाच्या दोन रीती आहेत. बट वेल्डिंगमध्ये दोन टोके रंध्याने सपाट करायची, तापलेल्या तव्याला टेकवायची, तवा काढून एकमेकांवर दाबायची आणि थंड होईपर्यंत दाब धरून ठेवायचा. १२५ मिलिमीटर व्यासाच्या, साडेअकरा मिलिमीटर जाडीच्या पाइपला तव्यावर सुमारे दोन मिनिटे मुरू द्यावे लागते, आणि थंड व्हायला पंधरा मिनिटांच्या आसपास. वितळलेला माल बाहेर येऊन दोन्ही अंगांना गोल वळ्या तयार होतात. बाहेरची वळी हत्याराने सोलून काढता येते. ती हातात धरून उलटी वाकवत जायची, बोटभर अंतरावर पुन्हा वाकवायची. मधल्या रेषेवर फट उघडली तर सांध्यात धूळ किंवा ओल गेली आहे. सांधा कापून टाकायचा. एवढी स्वस्त, एवढी खरी तपासणी दुसरी नाही. वळीवर सांधा क्रमांक लिहून ती जपून ठेवायची असते. किती ठिकाणी ठेवतात हा प्रश्न मी वाचकांवर सोडतो.

दुसरी रीत इलेक्ट्रोफ्यूजन. लहान व्यासाचे बहुतेक काम याच पद्धतीने होते. दोन्ही टोकांवर चढणाऱ्या कपलरच्या आत तारेचे वेटोळे असते, त्यात चाळीसएक व्होल्टचा प्रवाह सोडला की कपलरची आतली आणि पाइपची बाहेरची बाजू वितळून एक होते. किती सेकंद तापवायचे आणि किती मिनिटे हलवायचे नाही, हे फिटिंगवर छापलेले असते. यंत्र बारकोड वाचून वेळ स्वतःच ठरवते. त्यामुळे ही रीत सोपी वाटते, आणि तोच तिचा दोष. बट वेल्डिंगमध्ये टोके आधी रंधली जातात आणि वितळलेला पृष्ठभाग बाहेर ढकलला जातो, घाण थोडीफार वळीत निघून जाते. इलेक्ट्रोफ्यूजनमध्ये दोन्ही पृष्ठभाग आहेत तिथेच वितळतात. पाइपच्या अंगावर उन्हाने आणि हवेने जो ऑक्सिडीकृत थर चढलेला असतो तो आधी खरवडून काढला नाही तर तो सांध्यातच राहतो, आणि त्या थरातून साखळ्या आरपार जात नाहीत.

म्हणून स्क्रेपर. पुस्तकातले या हत्यारावरचे प्रकरण मी दोनदा वाचले. रीत अशी: कपलर जिथवर बसणार तिथवर पाइपवर मार्करने आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, मग फिरता स्क्रेपर लावून पाइपभोवती फिरवायचा. सुतारकामातल्या छिलक्यासारखी अखंड फीत निघाली पाहिजे, जाडी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. रेघ एवढीशीही उरली तर तिथे पाते लागलेले नाही. मग त्या जागेला हात लावायचा नाही. लावलाच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळू देऊन पुढे. खड्ड्यात पाइपची खालची बाजू दिसत नाही, स्क्रेपर फिरवायला जागा नसते, म्हणून वरच्या अंगाला चाकूने चार फराटे ओढून काम भागवले जाते. सँडपेपर वापरणारेही महाभाग आहेत. तो थर काढण्याऐवजी पसरवतो. वेटोळ्यातून उलगडलेला पाइप अंडाकृती आणि वाकडा असतो, त्याला क्लॅम्पने सरळ धरावे लागते. क्लॅम्प गाडीत राहिला म्हणून हाताने धरून ठेवणारे हात सांधा थंड होण्याआधीच सुटतात.

आणि यानंतरही गळतीची चाचणी पार होते. हवेचा दाब भरला, काटा हलला नाही, कागदावर सह्या झाल्या. न खरवडलेला सांधा त्या दिवशी गळत नाही, त्या वर्षीही बहुधा गळत नाही. लेखक हे वारंवार बजावतात आणि ते योग्यच आहे: दाबाची चाचणी सांधा बंद आहे एवढेच सांगते, जुळला आहे की नाही ते सांगत नाही. ते सांगणाऱ्या चाचण्या, म्हणजे कपलर उभा कापून सोलून पाहणे किंवा शिकंज्यात चिरडणे, सांधा नष्ट करतात. अल्ट्रासाउंडने खड्ड्यातच तपासणी होऊ शकते, पण दिसणारी पोकळी आणि न दिसणारा कच्चेपणा यांतला फरक तिलाही नेहमी जमत नाही.

यंत्राच्या नोंदीवर आता भिस्त वाढली आहे. व्होल्टेज, वेळ, ऊर्जा, कामगाराचा क्रमांक, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, सारे संगणकात जाते. चांगलेच आहे. पण स्क्रेपर चालला की नाही हे त्या यंत्राला कळत नाही. मे महिन्यात आणखी एक गंमत होते. ही यंत्रे भोवतालचे तापमान पाहून वेळ कमी-जास्त करतात. यंत्र गाडीच्या सावलीत आणि फिटिंग उन्हात तापलेली, किंवा उलट, असे असेल तर यंत्राचा हिशेब चुकतो आणि नोंद मात्र हिरवी दिसते.

मे महिना उगाच काढला नाही. आपल्याकडे पावसाळ्यात रस्ते खोदायला महापालिका परवानगी देत नाहीत, म्हणून एप्रिल-मे मध्ये कामाची झुंबड उडते. धूळ, चटका, रात्रीची घाई आणि सकाळी रस्ता मोकळा करण्याचा धोशा. थंड व्हायची पंधरा मिनिटे याच घाईत खाल्ली जातात. सांधे करणाऱ्या जॉइंटरला दोष देऊन मोकळे होणे सोपे; त्याला मजुरी किती सांध्यांवर मिळते, हेही विचारले पाहिजे. सांध्यामागे पैसे देऊन सबुरीची अपेक्षा करणारा ठेकेदार स्वतःचीच फसवणूक करतो.

आपल्या जमिनीचे दोन प्रश्न युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाहीत. पहिला तापमानाचा. पन्नास वर्षांचा हिशेब २० अंशांचा आहे. मीटरभर खोलीवरची माती वर्षाच्या सरासरी हवेच्या तापमानाभोवती फिरते, आणि नागपुरात ती सरासरी २७ अंशांच्या घरात आहे. युरोपीय मानकांत ३० अंशांसाठी दाब १.१ ने आणि ४० अंशांसाठी १.३ ने भागतात. ४ बारच्या जाळ्यात पाइपला याचा त्रास नाही, हातात पाचपट सवड आहे. पण चिरेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि कच्च्या सांध्यापाशी ती सवड आधीच संपलेली असू शकते.

दुसरा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात टाकलेला पाइप दरवर्षी थोडा उचलला जातो, थोडा बसतो. पाइप लवचीक आहे, तो निभावून नेतो. पण जिथे तो ताठ होतो, म्हणजे कपलरच्या तोंडाशी, शाखा काढायला पाइपवर बसवलेल्या सॅडलच्या बुडाशी, वळीच्या मुळाशी, इमारतीत शिरताना, तिथे वाक एकवटतो. वॉटर्लूची चीर नेमकी अशाच जागी होती. म्हणून वाळूची गादी आणि सांध्याखाली नीट दाबलेला भराव हा सांध्याच्याच कामाचा भाग आहे, ‘सिव्हिलवाल्यांचे’ काम म्हणून त्याकडे पाठ फिरवता येत नाही. लेखकांनी भरावाचे प्रकरण फ्यूजनच्या प्रकरणाला जोडून दिले आहे ते मला म्हणूनच आवडले.

पुस्तकाची भाषा साइटवरची आहे. स्क्रेपरला खरवडणी आणि कपलरला युग्मक म्हणण्याच्या फंदात लेखक पडले नाहीत, त्यामुळे जॉइंटरही हे वाचू शकेल. आकृत्या हाताने काढलेल्या आणि नेमक्या आहेत. काही ठिकाणी मतभेद आहेत. नव्या, चिवट मालामुळे वाळूची गादी टाळता येईल, हे त्यांचे म्हणणे मला पटत नाही. पाइप दगड सोसेल, पण सांधाही सोसेल असे कुणी दाखवलेले नाही.

एक उणीव सांगून थांबतो, आणि ती लेखकांची नाही. मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाकलेले पाइप आज पंचविशी ओलांडून गेले आहेत. रस्तारुंदी, मेट्रो, उड्डाणपूल यांच्यासाठी ते दर आठवड्याला कुठे ना कुठे कापून काढले जातात आणि भंगारात जातात. त्या तुकड्यांतले सांधे उचलून, क्रमांक लावून, माती काळी होती की मुरमाड ते लिहून, सोलून आणि ८० अंशांच्या टाकीत घालून पाहिले, तर आपल्या जमिनीत सांध्याचे वय काय हे अनुमानाने नव्हे, मोजून सांगता येईल. टाक्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत किंवा फार खर्च न करता करता येतील, सांधे फुकट आहेत. पुढच्या आवृत्तीत असे एक प्रकरण असावे आणि त्यासाठी पहिले पन्नास सांधे गोळा करायला मुंबई हे एकच शहर पुरे.